पायवाटेवर मोटारसायकली चढू लागल्या तर: चर बुजवणं, वाट राखणं आणि तक्रार

सह्याद्रीतल्या वाटा माणसांनी आणि गुरांनी पाडल्या आहेत. कुठली गडाची, कुठली देवराईची, कुठली वाडीवरून बाजाराच्या गावी उतरणारी. त्यातल्या कितीतरी राखीव वनातून जातात आणि तिथे परवानगीशिवाय मोटारसायकल नेता येत नाही. तरीही डर्ट बाइक आणि एकवीस इंची पुढच्या चाकाच्या अॅडव्हेंचर बाइक या वाटांवर चढतात, आणि पहिला पाऊस पडून गेल्यावरच्या शनिवार-रविवारी जास्तच. हा लेख गावच्या वन समितीसाठी, दुर्गसंवर्धनाची कामं करणाऱ्यांसाठी आणि एखाद्या वाटेवर जीव असलेल्या कुणासाठीही आहे.

आधी नुकसान कसं होतं ते बघू, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. माणसाचं पाऊल सुटं सुटं पडतं, चाक सलग ओळ ओढतं. चढावर मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, नॉबी टायरचे दात मुरूम उकरून मागे फेकतात. उतारावर ब्रेक दाबला की तेच चाक घसटत जातं. पहिल्या दिवशी चर चार बोटं खोल असतो आणि फारसं काही झालेलं दिसत नाही. पण उताराच्या दिशेने सलग गेलेली ती ओळ पाण्याला आयती पन्हळ मिळते. घाटमाथ्यावर पाऊस किती, तर महाबळेश्वरला वर्षाची सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जाते आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. एवढं पाणी एका चरातून धावलं की चार बोटांची पन्हळ गुडघाभर ओघळ होते. मग चालणारे चराच्या कडेने चालू लागतात, तिथलं गवत जातं, तिथेही ओघळ पडतो. म्हणजे चाक एकदा येऊन जातं, पुढचं सगळं काम पाणी करतं. म्हणून चाक अडवण्याच्या आधी पाणी वळवायचं.

जमीन कोणाची, ते पहिल्यांदा

हे न बघता लोक थेट पोलिसांत जातात आणि तिथून परत पाठवले जातात. गट नंबर महाभूनकाशावर (सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर) मिळतो, त्यावरून सातबारा. राखीव वन असेल तर कक्ष क्रमांक (कक्ष म्हणजे वनाचा क्रमांक दिलेला तुकडा) वनरक्षकाला विचारावा, त्याला बीटमधला प्रत्येक कक्ष पाठ असतो. एकाच वाटेचा पायथा गायरानात, मधला टप्पा वनात आणि माथा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असं सर्रास असतं. कोकणातले आणि कोल्हापूरकडचे कितीतरी सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, खाजगी मालकीचे आहेत. तिथे मालकाने हरकत घेतल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही.

राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागतं. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २७ प्रवेशाला बंधन घालतं, कलम २९ अधिवास बिघडवण्याला, आणि कलम ५० खाली अधिकाऱ्याला वाहन जप्त करता येतं. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा झाली तर १९५८ च्या कायद्यातलं कलम ३० आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला स्वतःचं वन राखण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला की तक्रारीला वजन येतं, म्हणून तो आधीच करून ठेवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. राखीव वनात कुदळ मारायला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, गडावर पुरातत्त्व खात्याची. हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय खोदणं हाही गुन्हाच आहे.

मोजणी

मोजणीला उत्तम वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. गवत पिवळं पडून झुकलेलं असतं, चर उघडे दिसतात आणि जमिनीत अजून थोडी ओल असते.

लागतं ते एवढंच: तीस मीटरची टेप, दोन मीटरची सरळ काठी, एक पट्टी, चुन्याची फक्की, वही, फोन आणि पाणलोटाच्या कामात वापरतात ती ए-फ्रेम. गावात कुणाकडे ए-फ्रेम नसेल तर दोन मीटरच्या दोन सारख्या काठ्या, एक आडवी काठी आणि दोरीला बांधलेला दगड एवढ्यात ती तयार होते. दोन पायांमधलं अंतर बरोबर एक मीटर ठेवा. फ्रेम वाटेवर उभी धरा, खालच्या बाजूचा पाय उचलत ओळंबा, म्हणजे तो लोंबता दगड, आडव्या काठीच्या मधोमध केलेल्या खुणेवर आणा. जितके सेंटीमीटर पाय उचलावा लागला, तितके टक्के चढ. बारा सेंटीमीटर उचलला तर चढ बारा टक्के.

मग दर दहा मीटरवर चराच्या दोन काठांवर काठी आडवी ठेवायची आणि तिच्यापासून तळापर्यंतची खोली, वरची रुंदी आणि त्या जागेचा चढ लिहायचा. प्रत्येक ठिकाणी पट्टी चौकटीत घेऊन फोटो. वीस-पंचवीस जागा झाल्या की कुठे काय करायचं ते आपोआप दिसतं. दहा सेंटीमीटरपेक्षा उथळ आणि आठ टक्क्यांपेक्षा कमी चढ असलेल्या जागा तशाच सोडाव्यात. तिथलं पाणी वरच्या बाजूला तोडलं की त्या दोन-तीन पावसाळ्यांत गवताने भरून येतात. सगळी ताकद खोल आणि उभ्या टप्प्यांवर लावा.

खुणा वाचणं

मोजताना टायरच्या खुणाही टिपून ठेवा, तक्रारीत त्या उपयोगी पडतात. माती कुठे उडाली आहे ते बघा. मागचं चाक माती मागे फेकतं, म्हणून ढिगाऱ्याच्या उलट दिशेला गाडी गेली. उतरणीच्या खुणेत माती चाकापुढे रेटलेली असते आणि लहान लहान आडव्या वळ्या पडलेल्या दिसतात. ठशाची रुंदी मोजा: पुढच्या टायरचा आठ-नऊ सेंटीमीटर, मागच्याचा दहा ते बारा. गावातल्या साध्या मोटारसायकलच्या ठशात दात खोल आणि सुटे उमटत नाहीत, त्यामुळे दूधवाल्याची गाडी आणि डर्ट बाइक यांत गल्लत होत नाही.

ठसा ताजा की शिळा ते काठ सांगतात. ताज्या ठशाचे काठ सुरीने कापल्यासारखे धारदार असतात, चिरडलेलं गवत अजून हिरवं आणि ओलसर असतं. रात्रीचं दव पडून गेलं की काठ ढासळतात, तळाशी बारीक मातीची साय धरते, मुंग्यांनी वर कण आणून टाकलेले दिसतात. सकाळी साडेसहाला वाटेवर गेलात तर कालचा ठसा आणि परवाचा ठसा वेगळा काढता येतो, दुपारी बाराला नाही.

पाणी तोडणं

कामाचं मुख्य अंग हे. इथे दोन वेगळ्या गोष्टी करायच्या असतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळी मेहनत वाहून जाते.

पहिली गोष्ट तिरका बांध. वाटेवरून धावणारं पाणी उतारावरच्या झाडोऱ्यात सोडण्यासाठी वाट ओलांडून जाणारी दगडांची ओळ. वाटेशी तिचा कोन तीस ते पंचेचाळीस अंशांचा हवा. काटकोनात बांधली तर वरच्या बाजूला गाळ साचतो आणि दुसऱ्या पावसात पाणी वरून उडी मारतं. फार तिरपी केली तर पाणी बांधाच्या कडेनेच नवा चर कोरतं. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडायचे, वर पंधरा सेंटीमीटरपेक्षा जास्त दिसता कामा नयेत. वरच्या बाजूला माती चोपून चढती करायची, म्हणजे पाय अडखळत नाही. पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड वाटेच्या काठापलीकडे किमान मीटरभर मोकळं हवं. बांध निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पालापाचोळ्याने बुजलेलं हे तोंड. लाकडाचे ओंडके वापरू नका, वाळवी लागते आणि पोकळ झालेल्या ओंडक्याखालून पाणी भोक पाडतं.

दोन बांधांमधलं अंतर चढावर ठरतं. पाच टक्क्यांना चाळीस मीटर, दहाला पंचवीस, पंधराला पंधरा, वीसला दहा-बारा. घाटमाथ्यावर ही अंतरं एक तृतीयांशाने कमी करावीत. सगळ्यात महत्त्वाचा बांध सगळ्यात वरचा, चर जिथे सुरू होतो त्याच्याही दोन-तीन मीटर वर. तो चुकला तर खालचे सगळे बांध फुकट.

दुसरी गोष्ट म्हणजे चराच्या आतले अनघड दगडी बांध. वीस सेंटीमीटरपेक्षा खोल झालेल्या चरात माती भरू नये. सुटी माती पहिल्या वळवात निघून जाते, हे पुन्हा पुन्हा होत असूनही लोक घमेलीच्या घमेली माती ओततात. चर पाण्यानेच भरून घ्यायचा असतो. आपण फक्त पाण्याचा वेग मोडायचा, गाळ ते स्वतः टाकतं.

बांधाची उंची वीस, फार तर तीस सेंटीमीटर. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला पाहिजे, म्हणून अंतर काढायचं ते उंची भागिले चढ असं. वीस सेंटीमीटर उंची आणि वीस टक्के चढ असेल तर दर मीटरला एक बांध, दहा टक्के चढाला दर दोन मीटरला. आकडा ऐकून लोक दचकतात आणि पाच-पाच मीटरवर बांधतात. मग दोन बांधांच्या मध्ये पाणी पुन्हा वेग धरतं, खालच्या बांधाच्या पायाखाली शिरतं आणि तो उपटून नेतं. कमी लांबी घ्या, पण पूर्ण करा.

बांधताना चराच्या तळात पंधरा सेंटीमीटर खोल खाच घ्या आणि दोन्ही काठांतही तेवढीच आत घुसवा. खाली मोठे दगड, लांब बाजू डोंगरात घुसलेली. माथा मध्ये पाच-सात सेंटीमीटर खोलगट ठेवा, तो सांडवा. माथा सपाट राहिला तर पाणी काठाकडे सरकतं आणि बांधाला वळसा घालून निघतं. सांडव्याखाली चपटे दगड अंथरा, दीड वीत तरी. वरच्या बाजूला बारीक कपचे भरा. सिमेंट नाही, चिखल नाही. गोल गोटे घेऊ नका, कोनदार दगड एकमेकांत अडकतात.

दगड कुठून आणायचे? गडाच्या ढासळलेल्या तटाचा, जोत्याचा किंवा टाक्याच्या काठाचा एकही दगड हलवायचा नाही. विस्कळीत दिसणारा ढीग हाही पुरावाच असतो. लोहगड, राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत, त्यांच्या परिसरात तर याबद्दल दुप्पट जपावं. जवळच्या ओढ्यातले किंवा दरड कोसळलेल्या जागचे दगड घ्या. हाताने दगड उलथू नका. पहारीने पलीकडची कड उचलून आपल्याकडे उलथा, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर मध्ये दगडाचा आडोसा राहील आणि तो तुमच्याकडे न येता पलीकडे जाईल.

चार माणसं, दोन पहारी, दोन टिकाव, दोन फावडी आणि सहा घमेली एवढ्यात दिवसाला सहा-सात अनघड बांध किंवा तीन तिरके बांध नीट होतात. दगड लांबून आणावे लागले तर निम्मे धरा.

सड्यावर यातलं काही करू नका

कासच्या पठारासारखा जांभ्याचा सडा ही वेगळीच जागा आहे. तिथे माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते आणि त्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, हबेआमरी, कंदीलपुष्प उगवतात. ओल्या सड्यावरून एक चाक गेलं की मातीचा तो थर सालीसारखा सोलला जातो आणि खाली कातळ दिसतो. पाणी साचणारा एखादा उथळ खळगा चाकाने फोडला की तो ओघळाला जोडला जातो, कोरडा पडतो आणि त्यातल्या वनस्पती संपतात.

तिथे खोदू नका, बाहेरची माती आणू नका. त्या मातीतून रानमोडी, गाजरगवत, घाणेरी येतात. झाडंही लावू नका, सडा मुळातच उघडा असतो आणि तसाच राहायला हवा. सुटे दगड हलवू नका, त्यांच्याखाली बेडूक, पाली, विंचू राहतात. सड्यावर एकच उपाय: चाक वर येण्याची जागा खालीच बंद करणं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तर दुरुस्तीच्या नावाखालीही गटाने तिथे फिरू नये.

तोंड बंद करणं

मोटारसायकल रस्ता सोडून वाटेला लागते ते पहिले तीस-चाळीस मीटर महत्त्वाचे. पुढे दोन किलोमीटरवर अडथळा टाकलात तर बाइकवाला त्याला वळसा घालून आणखी एक चर पाडतो. अडथळ्याला जागा अशी निवडा जिथे एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दाट करवंदी किंवा कडा आहे.

रुंद जागी मोठे दगड रोवा, पहार लावल्याशिवाय हलणार नाहीत असे, एक तृतीयांश जमिनीत. दोन दगडांमध्ये पंचेचाळीस ते पन्नास सेंटीमीटर फट. पाठीवर सॅक घेतलेला माणूस तिरका होऊन जातो. बाइकचं हँडल ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास असतं, पण बाइक आडवी कलंडवून फटीतून काढता येते, म्हणून एवढ्यावर थांबू नका. त्यापुढे कोरड्या दगडाच्या दोन भिंती एकमेकींसमोर अशा घाला की वाट नागमोडी होईल. दोन भिंतींत १.२ मीटर अंतर ठेवा. बाइकच्या दोन चाकांमधलं अंतर १.४ ते १.५ मीटर असतं, ती या वळणात वळत नाही. भिंतीची उंची एक मीटरच्या वर नेऊ नका. गडावरून जखमी माणसाला स्ट्रेचरवर खाली आणायची वेळ येते आणि स्ट्रेचर भिंतीवरून छातीच्या उंचीने पलीकडे देता आलं पाहिजे.

नुसत्या दगडी पायऱ्यांवर भरवसा ठेवू नका. चाळीस सेंटीमीटरची पायरी सराईत बाइकवाला उडवतो आणि म्हातारी माणसं मात्र अडतात.

गुरांचं काय, हा प्रश्न सुरुवातीलाच गुराख्याला विचारा. त्या फटीतून म्हैस जाणार नाही. जिथे गुरं जातात तिथे कोकणात असतं तसं बेडं करा: दोन खांब, त्यांत आडवे सरकते बांबू. गाव स्वतःच ते उघडतं आणि लावतं. गावाला विचारल्याशिवाय टाकलेला अडथळा आठवड्याभरात निघतो, आणि तो काढणाऱ्याची चूक नसते.

तार, दोरी, साखळी वाटेवर ताणायची नाही. खिळे, काचा, खड्डे नाहीत. छातीच्या उंचीवरची तार माणूस मारते, आणि खिळा सगळ्यात आधी अनवाणी पोराच्या किंवा बैलाच्या पायात शिरतो. हा सरळ सरळ फौजदारी गुन्हा आहे. कुणी गटात असं सुचवलं तर तिथल्या तिथे थांबवा.

बंद केलेल्या चोरवाटेवर फलक लावू नका, फलकामुळेच कळतं की इथे वाट आहे. तिथे वाळक्या फांद्या आणि दगड पसरून पहिले तीस मीटर दिसेनासे करा. फांद्या पडलेल्याच घ्या. मुख्य वाटेवर मात्र वन विभागाच्या नावाने फलक हवा: ‘पायवाट. मोटार वाहनास मनाई’ आणि कायद्याचं कलम.

गाठ पडली तर, आणि तक्रार

पाठलाग करू नका, आडवे येऊ नका, चावी काढू नका. वाट अरुंद असेल तर वरच्या बाजूला उभे राहा. थांबले तर शांतपणे सांगा, ‘दादा, ही पायवाट आहे, वनखात्याची परवानगी लागते.’ कितीतरी जण खरोखर चुकीच्या नकाशाने आलेले असतात. नंबर, गाडीचा रंग, वेळ, दिशा, माणसं किती एवढं लिहून घ्या. चेहऱ्यांचे फोटो समाजमाध्यमावर टाकू नका. चुकीचा माणूस ओळखला गेला तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर येतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

फोटो काढताना फोनचं लोकेशन चालू ठेवा. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल फोनमधून उडवू नका. बाइकवाल्यांनी स्वतःच रील टाकली असेल तर दुवा, तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून कोणत्या फोनवर, कोणी, कधी घेतलं ते वहीत त्याच दिवशी नोंदवा.

घटना चालू असेल तर वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६, हाणामारीची चिन्हं असतील तर ११२. लेखी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे, प्रत उपवनसंरक्षकांना. मजकूर लांबवू नका:

‘कक्ष क्र. … मधील … ते … या पायवाटेवर दि. … रोजी सकाळी … वाजता … मोटारसायकली परवानगीशिवाय नेण्यात आल्या. वाहन क्रमांक: … . वाटेवर … मीटर लांबीचा, सरासरी … सें.मी. खोल चर पडला आहे. दर १० मीटरची मोजणी, ठिकाणांच्या नोंदी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चौकशी करून भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार कारवाई करावी व केलेली कारवाई लेखी कळवावी.’

पोच घ्या. महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात ‘दि. … च्या अर्जावर काय कारवाई झाली’ एवढंच विचारा. अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

गाडीला नंबरच नसेल तर ती बहुधा फक्त स्पर्धेसाठी विकलेली असते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत लोकांना जाण्याचा हक्क असलेली वाटही येते. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ खाली पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो: पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. हा अर्ज आरटीओ आणि पोलिस ठाण्यात वेगळा द्या.

नकाशा दुरुस्त करा

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याचा उपयोग कुंपणाहून जास्त होतो. ओपनस्ट्रीटमॅपवर बैलगाडी-ट्रॅक्टरच्या रस्त्याला ‘ट्रॅक’ म्हणतात आणि पायवाटेला ‘पाथ’. अनेक पायवाटा कुणीतरी ‘ट्रॅक’ म्हणून काढून ठेवल्या आहेत, आणि त्यावर चालणारी अॅप बाइकवाल्याला थेट तिथे पाठवतात. खातं उघडा, ती रेघ ‘पाथ’ करा, मोटार वाहनाला ‘नाही’ असं नोंदवा आणि का बदललं ते टिपणीत लिहा. रेघ पुसून टाकू नका, दुसरा कुणी पुन्हा ‘ट्रॅक’ म्हणूनच काढेल. ट्रेकच्या अॅपवर कुणी बाइकने रेकॉर्ड केलेला मार्ग टाकला असेल तर तिथेही कळवा.

मे महिन्यात वळीव पडायच्या आत तिरक्या बांधांची तोंडं साफ करा. मग जूनमध्ये पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन वाटेवर जा आणि पाणी कुठून पळतं ते डोळ्यांनी बघा. एखाद्या बांधाला वळसा घालणारी बारीक धार दिसली तर तिथे लगेच दोन दगड बसवा, त्या दिवशी ते पाच मिनिटांचं काम असतं. ऑक्टोबरमध्ये त्याच खुणांवर पुन्हा काठी आडवी ठेवा. खोली कमी झाली असेल, म्हणजे चरात गाळ धरला असेल, तर बांधावर आणखी एक थर चढवायचा. खोली वाढली असेल तर त्याच्या वरच्या तिरक्या बांधापाशी जाऊन बघायचं, बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो.